ड्रॅग कारचं सस्पेन्शन आणि सेटअप: प्रत्येक लाँच सारखा कसा मिळवायचा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ड्रॅग रेसिंगमध्ये, म्हणजे उभ्या गाडीतून सुटून सरळ ट्रॅकवर धावायच्या शर्यतीत, नवीन आलेले लोक पहिल्या दिवसापासून इंजिनच्या मागे लागतात, आणि इंजिन झालं की मग "गाडी दरवेळी वेगळीच का सुटते" हा प्रश्न घेऊन येतात. तेच तेच प्रश्न परत परत येतात म्हणून सगळे एका जागी लिहून काढलेत. उत्तरं मुख्यतः मागच्या चाकांवर चालणाऱ्या, मागे सॉलिड अ‍ॅक्सल (दोन्ही मागची चाकं एकाच दांड्यावर) असलेल्या गाडीसाठी आहेत, बाकीच्या गाड्यांबद्दल पुढे वेगळं लिहिलंय.

लाँच सारखा आहे की नाही हे कशावरून ठरवायचं?

लाँच म्हणजे उभी गाडी स्टार्ट लाइनवरून सुटणं, आणि तो ठरवायचा सिक्स्टी फूटवरून. टाइम स्लिपवर (रननंतर ट्रॅककडून मिळणारी आकड्यांची चिठ्ठी) रिअ‍ॅक्शन टाइमच्या (हिरवा दिवा लागल्यापासून गाडी सुटेपर्यंतचा वेळ) लगेच खाली जो आकडा असतो तो, म्हणजे पहिले ६० फूट जायला लागलेला वेळ. पूर्ण पल्ल्याचा ईटी (एलॅप्स्ड टाइम, सुरुवातीपासून शेवटपर्यंत लागलेला वेळ) बघून लाँचबद्दल काही ठरवू नका कारण त्यात गिअर कधी टाकला, हवा कशी होती, वारा कुठून होता हे सगळं मिसळलेलं असतं. लागोपाठच्या रनमध्ये सिक्स्टी फूट एक-दोन शतांश सेकंदाच्या आत पडत असेल तर गाडी सारखी सुटतेय. पाच-सहा शतांशाचा फरक पडत असेल तर काहीतरी हलतंय, आणि ते शोधल्याशिवाय पुढचं कुठलंच ट्यूनिंग करण्यात अर्थ नाही, कारण केलेल्या बदलाचा परिणाम दिसतोय का नुसता गोंधळ दिसतोय हेच कळणार नाही.

३३० फुटांचा आकडा पण बघत जा. सिक्स्टी फूट तोच पण ३३० बदलतोय असं दिसलं तर लाँच ठीक आहे, गडबड पुढे आहे, बहुतेक दुसऱ्या गिअरला टायर सुटतोय, म्हणजे पकड सोडून नुसता फिरतोय.

सिक्स्टी फूटला एवढा भाव का देतात?

सुरुवातीला गमावलेला वेळ पुढे वाढत जातो म्हणून. साधारण हिशोब असा की सिक्स्टी फूटमध्ये एक दशांश सेकंद कमी केला तर पाव मैलाच्या शेवटी दीड ते दोन दशांश कमी होतात. शेवटचा स्पीड मात्र फारसा हलत नाही, तो मुख्यतः ताकद आणि वजनावर ठरतो. म्हणून स्पीड नेहमीएवढाच आणि ईटी खराब असं दिसलं की इंजिनला हात लावू नका, आधी मागच्या टायरकडे बघा.

ब्रॅकेट रेसिंग करणाऱ्यांना तर हे आणखीनच लागू. तिथे तुम्ही स्वतःच काचेवर डायल-इन, म्हणजे तुमच्या गाडीला किती वेळ लागेल तो आकडा, लिहून देता आणि त्याच्यापेक्षा फास्ट गेलात तर ब्रेकआउट होऊन हरू शकता. तिथे वेगवान गाडीपेक्षा शब्दाला जागणारी गाडी जास्त राउंड जिंकते. माझं स्पष्ट मत आहे की एखाद दशांश सोडून द्यावा लागला तरी चालेल पण दरवेळी तेच करणारा सेटअप घ्या, जोरात सुटणारा पण मनात येईल तेव्हा टायर फिरवणारा सेटअप नको.

मागे जास्त वजन जावं म्हणून पुढच्या स्प्रिंग एकदम मऊ टाकू का?

थांबा. इथे बहुतेक लोकांचा गैरसमज आहे आणि हा एक मुद्दा नीट डोक्यात बसला की बाकीचं सगळं सोपं होतं.

लाँचला पुढून मागे किती वजन जाणार हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं: गाडी किती जोरात पुढे सुटतेय, गुरुत्वमध्य जमिनीपासून किती उंच आहे, आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) किती लांब आहे. गाडीचं वजन गुणिले अ‍ॅक्सिलरेशन गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले व्हीलबेस, बस. १४०० किलोची गाडी धरा, गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच, व्हीलबेस २.७ मीटर आणि १ जीचा लाँच, तर सुमारे २६० किलो मागे जातात. या हिशोबात स्प्रिंग कुठेच नाही. स्प्रिंग मऊ केल्यावर पुढचा भाग जास्त उचलला जातो, दिसायला भारी दिसतं, गुरुत्वमध्य जरासा वर गेल्याने थोडाफार फरक पडतो, पण त्या उचलण्यामुळे वजनाचा ढीग मागे आला असं होत नाही.

मग स्प्रिंग, शॉक, लिंक (अ‍ॅक्सलला बॉडीशी जोडणारे दांडे) हे सगळं करतात काय? ते वजन *कधी* आणि *किती झटक्यात* टायरवर येतं हे ठरवतात. टायरला पकड हवी असते ज्या क्षणी टॉर्क येतो त्याच क्षणी, त्यानंतर पाव सेकंदाने आलेलं वजन उपयोगाचं नाही कारण तोवर टायर सुटलेला असतो आणि एकदा फिरायला लागलेला टायर सहजासहजी परत पकडत नाही. सस्पेन्शन ट्यूनिंग म्हणजे सगळं टायमिंगचं काम आहे.

वजन कायमचंच मागे हवं असेल तर ते हलवावं लागतं. बॅटरी मागे उजव्या चाकाजवळ नेणं हा सगळ्यात जुना आणि अजूनही चालणारा उपाय. १९६५ मध्ये क्रायस्लरने तर डॉज आणि प्लिमथच्या काही रेस गाड्यांचा मागचा अ‍ॅक्सल १५ इंच आणि पुढचा १० इंच पुढे सरकवला होता, म्हणजे अख्खी बॉडीच चाकांच्या मानाने मागे गेली. दिसायला त्या गाड्या इतक्या विचित्र होत्या की 'फनी कार' हे नाव तिथूनच रुळलं.

नवीन गाडी आहे, सुरुवात कुठून करू?

शॉकच्या नॉबला हात लावण्याआधी गाडी सरळ आहे का बघा. मागचा अ‍ॅक्सल चौकोनात बसलाय का, दोन्ही बाजूंचं माप चेसिसच्या एकाच खुणेपासून घ्या. सगळे बुश (सांध्यांतले रबर), रॉड एंड (लिंकच्या टोकाचे सांधे), लिंकचे बोल्ट हाताने हलवून बघा आणि पाना लावून टाइट करा. फाटलेला बुश दरवेळी वेगळ्या जागी जाऊन बसतो, आणि तुम्ही आठवडाभर शॉकचे क्लिक मोजत राहता.

मग राइड हाइट (गाडीची जमिनीपासूनची उंची), मग चारही चाकांचं वजन, मग अलाइनमेंट, मग टायरची हवा, मग शॉक. लिंकच्या बोल्टची भोकं बदलणं सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला की प्रत्येक नवीन बदल आधीचा बदल खाऊन टाकतो.

कॉर्नर वेट करताना काय काळजी घ्यायची?

जमीन सपाट हवी, हे सगळ्यात आधी. चारही काट्यांच्या खालची जागा लेव्हल नसेल तर मिळणारे आकडे खोटे असतात. ड्रायव्हर सीटवर बसलेला हवा, हेल्मेट-सूटसकट, किंवा तेवढंच वजन सीटवर ठेवा. पेट्रोल रेसला असतं तेवढंच. टायरची हवा रेसची. मागच्या अँटी-रोल बारची (गाडीला एका बाजूला झुकू न देणारा दांडा) एक लिंक सोडून ठेवा नाहीतर बारच वजन इकडून तिकडे ढकलत राहतो. गाडी काट्यांवर घेतल्यावर पुढून-मागून दोन-तीनदा दाबून सोडा म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागी बसेल, मगच आकडे लिहा.

क्रॉस वेट, म्हणजे उजवं पुढचं आणि डावं मागचं मिळून एकूण वजनाचे किती टक्के, ते ५० च्या जवळ आणून सुरुवात करा. नंतर गाडी लाँचला कुठे वळते त्यावर थोडं इकडे तिकडे करायचं. अँटी-रोल बारची लिंक सगळ्यात शेवटी जोडायची, ड्रायव्हर गाडीत असताना, आणि बोल्ट हाताने सहज आत जाईल अशी लांबी करून.

पेट्रोलचं लोक विसरतात. १० लिटर पेट्रोल म्हणजे साधारण साडेसात किलो आणि टाकी मागच्या अ‍ॅक्सलच्या पाठीमागे असेल तर ते थेट मागच्या टायरवर. प्रत्येक रनआधी टाकीत तेवढंच पेट्रोल असेल असं बघा.

मागच्या टायरमध्ये हवा किती ठेवू?

एकच आकडा कोणी सांगत असेल तर ऐकू नका. मऊ साइडवॉलचे (टायरची बाजूची भिंत) बायस-प्लाय स्लिक, म्हणजे खाचा नसलेले रेसचे टायर, साधारण ८ ते १२ पीएसआयच्या आसपास चालतात, ड्रॅग रेडियल (त्याहून कडक साइडवॉलचे टायर) १२ ते १८ च्या पट्ट्यात, गाडीचं वजन आणि टायरची रुंदी यावर खालीवर. टायर कंपनीने दिलेल्या आकड्यापासून सुरू करा आणि एकावेळी अर्धा पीएसआय बदला. अर्धा ऐकायला काहीच वाटत नाही, पण १० पीएसआयच्या टायरला अर्धा म्हणजे पाच टक्के झाले.

सगळ्यात खरं उत्तर ट्रॅकवरच लिहिलेलं असतं. रन झाल्यावर परवानगी असेल तर लाँचच्या जागी जाऊन तुमच्या टायरचे काळे पट्टे बघा, नाहीतर बर्नआउटचे (रनआधी टायर जागीच फिरवून गरम करतात ते) पट्टे बघा. पट्ट्याच्या दोन्ही कडा गडद आणि मधला भाग फिका दिसतोय तर हवा कमी आहे, टायरचा मधला भाग वर उचलला जातोय. मधोमध गडद आणि कडा फिक्या तर हवा जास्त. पूर्ण रुंदीभर एकसारखा काळा पट्टा दिसला की समजा बरोबर जागी आलात.

हवा चेक करायची वेळ ठरवून टाका. स्टेजिंग लेनमध्ये, गाडी लाइनीत उभी असताना, दरवेळी त्याच गेजने. उन्हाच्या बाजूचा टायर सावलीतल्यापेक्षा गरम होतो आणि त्याची हवा वाढते, त्यामुळे उजव्या-डाव्या टायरमध्ये फरक पडतो आणि गाडी लाँचला एका बाजूला ओढली जाते. टायर झाकून ठेवा. एवढं साधं काम करून कितीतरी गाड्या सरळ सुटायला लागतात.

आणि टेपने दोन्ही टायरचा घेर मोजा. बायस-प्लाय टायर एकाच मॉडेलचे, एकाच साइजचे असले तरी घेर सारखा निघेलच असं नाही. स्पूल (दोन्ही मागची चाकं एकत्र बांधणारा भाग) असलेल्या गाडीत मोठ्या घेराचा टायर गाडीला दुसऱ्या बाजूला ढकलतो.

स्लिक काढून ड्रॅग रेडियल टाकले आणि गाडी टायर फिरवायला लागली, टायर खराब आहेत का?

बहुतेक टायर चांगले असतात, सेटअप अजून स्लिकचाच असतो. स्लिकची साइडवॉल लाँचला चुरगळते, सुरकुत्या पडतात आणि तो पहिला झटका ती स्वतः गिळते. टॉप फ्युएल ड्रॅगस्टरला तर पुढे-मागे कुठेच सस्पेन्शन नसतं, सगळं काम मोठ्या मऊ टायरवर आणि लवचिक चेसिसवर चालतं, यावरून कल्पना करा टायर एकटा किती करतो ते. रेडियलची साइडवॉल तेवढी दबत नाही, त्यामुळे तो झटका सरळ कॉन्टॅक्ट पॅचवर, म्हणजे टायर जमिनीला टेकतो तिथे, येतो.

रेडियलला टॉर्क जरा दमाने द्यायचा. लाँचचा आरपीएम कमी करा, किंवा पहिल्या काही फुटांसाठी इंजिनचं इग्निशन टायमिंग मागे खेचा, किंवा शॉकने मागचा झटका मवाळ करा. रेडियल एकदा सुटला की परत पकडणं स्लिकपेक्षा अवघड, पण पकडून गेला तर तो कमी फुगतो, कमी डोलतो आणि वरच्या टोकाला गाडी जास्त स्थिर राहते. बदल केल्यावर शॉक आणि लाँच दोन्ही नव्याने बघावे लागणार हे धरूनच चला.

बर्नआउट किती मोठा करायचा?

टायरला लागेल तेवढा आणि दरवेळी तेवढाच. बर्नआउटचा उद्देश टायर साफ करणं आणि गरम करणं, बस. स्लिकला जास्त गरमी लागते, रेडियलला कमी. पुढच्या टायरला खाचा असतील तर पाण्याच्या डबक्याला वळसा घालून मागे घ्या, नाहीतर पुढचे टायर पाणी खाचांमधून ओढत सरळ स्टार्ट लाइनवर आणतात आणि तुमचे मागचे टायर त्याच पाण्यावरून जातात. मागचे टायर ओले करून डबक्यातून जरा पुढे यायचं आणि मग फिरवायचे.

गिअर तोच, आरपीएम तोच, सेकंद तेवढेच. मनातल्या मनात मोजा. कधी तीन सेकंद कधी सहा सेकंद असं करणाऱ्याला सिक्स्टी फूट सारखा मिळणं कठीण आहे.

शॉकचे क्लिक कुठून सुरू करू आणि कुठला नॉब काय करतो?

डबल अ‍ॅडजस्टेबल शॉक असेल तर दोन नॉब: एक रिबाउंडचा म्हणजे शॉक लांब होताना लागणारा अडथळा, एक कॉम्प्रेशनचा म्हणजे दबताना लागणारा. चारही शॉक मधल्या क्लिकवर ठेवून सुरुवात करा आणि आकडे लिहून ठेवा.

पुढचा रिबाउंड ठरवतो पुढचा भाग किती लवकर उचलला जाणार. ढिला ठेवला तर झटकन वर येतो, पण तो वर जाऊन शॉकच्या टोकाला धाडकन आपटला तर पुढची चाकं जमिनीवरून खेचली जातात, गाडी परत खाली पडते आणि त्या पडण्यात मागच्या टायरवरचं वजन कमी होतं. तसं दिसलं तर दोन-दोन क्लिक टाइट करत जा. पुढचा भाग एका दमात वर जाऊन तिथेच तरंगत पुढे गेला पाहिजे, वर-खाली-वर असं होता कामा नये. पुढच्या कॉम्प्रेशनने खाली येणं सांभाळायचं: फार ढिला तर पुढचा भाग पटकन कोसळतो, फार टाइट तर खाली टेकल्यावर उसळी मारतो.

मागचा रिबाउंड हा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित नॉब आहे. मागची लिंक अशी लावलेली असेल की लाँचला मागची बॉडी वर उचलली जाते आणि अ‍ॅक्सल खाली दाबला जातो, तर मागचा रिबाउंड त्या दाबण्याचा वेग ठरवतो. ढिला असेल तर टायरवर घाव जोरात बसतो. चिकट ट्रॅकवर ते चालून जातं, निसरड्या ट्रॅकवर टायर पहिल्या क्षणी चेपतो, परत उसळतो आणि सुटतो. तेव्हा रिबाउंड टाइट करा. मागचं कॉम्प्रेशन त्या उसळीला आणि मागचा भाग परत खाली बसण्याला आवरतं.

शॉकच्या चकचकीत दांड्यावर एक प्लास्टिकचा पट्टा, तारा बांधायचा असतो ना तो, घट्ट आवळून शॉकच्याच बॉडीला टेकवून ठेवा. रन झाल्यावर तो जिथे सरकलेला दिसेल तिथपर्यंत शॉक दबला होता. उचलला किती गेला ते यातून कळत नाही, त्यासाठी व्हिडिओ लागतो.

इन्स्टंट सेंटर म्हणजे काय आणि ते हलवायचं कधी?

बाजूने बघताना वरच्या लिंकची रेषा आणि खालच्या लिंकची रेषा पुढे वाढवत नेली की जिथे एकमेकींना छेदतात तो बिंदू. मागचा अ‍ॅक्सल त्या बिंदूवरून गाडीला ढकलतोय असं धरा.

आता कागदावर एक रेषा काढा: मागचा टायर जमिनीला टेकतो तिथून निघून, पुढच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर गुरुत्वमध्याच्या उंचीवरच्या बिंदूपर्यंत. ही १०० टक्के अँटी-स्क्वॉटची (लाँचला मागचा भाग बसू न देण्याची) रेषा. इन्स्टंट सेंटर या रेषेच्या वर असेल तर लाँचला मागचा भाग वर उचलला जातो आणि टायरवर घाव जोरात बसतो, खाली असेल तर मागचा भाग बसतो आणि घाव मवाळ होतो. बिंदू मागच्या अ‍ॅक्सलच्या जवळ असेल तर सगळं झटक्यात होतं, लांब पुढे असेल तर सावकाश.

हलवायचं तेव्हाच जेव्हा शॉकचे नॉब शेवटपर्यंत फिरवूनही हवं ते मिळत नाही. एकावेळी एकच भोक, दोन्ही बाजूंना सारखं, आणि बदलल्यावर पिनियन अँगल (पुढचा प्रश्न बघा) परत मोजायचा कारण तो हललेला असणार.

पिनियन अँगल किती?

टॉर्क आला की पिनियनचं (मागच्या अ‍ॅक्सलमधला, प्रोपेलर शाफ्टला जोडलेला गिअर) नाक वर उचलतं, म्हणून उभ्या गाडीत ते प्रोपेलर शाफ्टच्या मानाने जरा खाली ठेवायचं, म्हणजे लोडखाली सगळं सरळ रेषेत येईल. फोर-लिंक किंवा लॅडर बारला (अ‍ॅक्सल धरणाऱ्या दांड्यांचे दोन प्रकार) १ ते ३ अंश पुरतात. कमान पाटे असतील तर ५ ते ७ लागतात कारण पाटे पीळ खातात.

लाँचला गाडी दरवेळी उजवीकडे जाते, स्टिअरिंग सरळ असूनही. का?

सॉलिड अ‍ॅक्सलच्या गाडीचा हा जुना रोग. प्रोपेलर शाफ्टचा टॉर्क अ‍ॅक्सलच्या हाउसिंगला पिळतो, डावं मागचं चाक खाली दाबलं जातं आणि उजवं उचललं जातं. इंजिन त्याच्या उलट बॉडीला पिळतं, म्हणून पुढचा डावा कोपरा जास्त वर येतो. डावा टायर जास्त ढकलतो, गाडी उजवीकडे जाते.

उपाय म्हणजे उजव्या मागच्या चाकावर आधीच थोडं वजन चढवून ठेवायचं, त्याला प्रीलोड म्हणतात. लिंकची लांबी थोडी बदलून, उजव्या स्प्रिंगमध्ये एअर बॅग टाकून, किंवा कॉइल-ओव्हरचा (शॉकभोवतीच स्प्रिंग असलेला प्रकार) नट फिरवून. काट्यावर गाडी ठेवून किती किलो हलले ते बघतच करा, अंदाजाने नको. मागे चांगला जाड अँटी-रोल बार असेल तर बराचसा पीळ तोच खातो आणि प्रीलोड फार कमी लागतो. मी तर म्हणेन पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर आधी तिथे घाला.

पण त्याआधी दोन्ही टायरची हवा, घेर आणि अ‍ॅक्सल चौकोनात आहे का ते परत बघा. निम्म्या वेळा कारण तिथेच सापडतं.

माझ्या गाडीला मागे कमान पाटे आहेत, काही आशा आहे का?

भरपूर आहे. अडचण फक्त पीळ खाण्याची: टॉर्क आला की पाट्याचा पुढचा भाग इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो, मग सुटतो, परत वाकतो, तोच व्हील हॉप. पाट्याचा पुढचा भाग धरून ठेवायचा म्हणजे झालं. साध्या ट्रॅक्शन बार असतात त्या पाट्याच्या डोळ्याला खालून टेकतात, कॅलट्रॅक्स प्रकारच्या बार लिव्हरने तेच काम जास्त चांगलं करतात. क्रायस्लरच्या जुन्या सुपर स्टॉक पाट्यांमध्ये तर उजवा आणि डावा पाटा मुद्दाम वेगवेगळा बनवलेला असायचा, वर सांगितलेल्या त्याच पिळासाठी.

इंडिपेंडंट रिअर सस्पेन्शन असेल तर?

डिफरेन्शियल बॉडीला किंवा सबफ्रेमला बसवलेला असतो म्हणून उजवं चाक उचललं जाण्याचा प्रकार तिथे नसतो. त्याऐवजी व्हील हॉप. सबफ्रेमचे आणि आर्मचे रबरी बुश दबतात, चाक पुढे-मागे नाचतं आणि हाफ शाफ्ट तुटतो. कडक बुश टाका, मागचं कॉम्प्रेशन वाढवा, गाडी फार बसू देऊ नका कारण बसली की कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) बदलतो आणि टायर आतल्या कडेवर चालतो. हॉप सुरू झाला की लगेच अ‍ॅक्सिलेटर सोडा. तो आपोआप थांबेल म्हणून दाबून धरलात तर शाफ्ट जाणार.

फ्रंट व्हील ड्राइव्हला हे सगळं लागू होतं का?

उलटं लागू होतं. इथे मागे गेलेलं प्रत्येक किलो म्हणजे चालणाऱ्या चाकावरून उतरलेलं वजन. म्हणून मागे कडक स्प्रिंग, मागे बसूच द्यायचं नाही, पुढचा रिबाउंड टाइट म्हणजे पुढचा भाग सावकाश उचलेल, गुरुत्वमध्य जमेल तेवढा खाली, सामान जमेल तेवढं पुढे. पूर्ण रेससाठी बनवलेल्या फ्रंट व्हील गाड्यांना मागे लांब व्हीली बार लावतात, तो गाडीला मागे झुकू देत नाही. लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल (एकच चाक नुसतं फिरू न देणारा) नसेल तर आधी तो टाका.

पुढचं अलाइनमेंट लाँचसाठी महत्त्वाचं आहे का, पुढची चाकं तर हवेत असतात?

हवेत असतात आणि परत खाली येतात, म्हणूनच महत्त्वाचं. टो (वरून बघताना चाकांची दिशा) किंचित आत ठेवा, एकूण दीड ते तीन मिलीमीटर, कॅम्बर शून्याच्या जवळ आणि कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कल) भरपूर म्हणजे वरच्या स्पीडला गाडी सरळ जाईल. मग जॅकने पुढचा भाग लाँचला येतो तेवढा उचलून टो परत मोजा. तिथे टो खूप बदलत असेल तर बंप स्टिअर आहे, आणि चाकं जमिनीला टेकताना गाडी झटका मारणार. हे सुरक्षिततेचं काम आहे, टाळू नका.

व्हीली बार किती उंच ठेवायचा?

जितका उंच ठेवून सुरक्षित राहता येईल तितका. बार जमिनीला लवकर टेकला की तो गाडीचं वजन स्वतःवर घेतो आणि तेवढं टायरवरून कमी होतं, नेमकं पकड हवी असते तेव्हा.

स्टेजिंगने खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि तो फुकटात सुधारतो. ईटीचं घड्याळ हिरवा दिवा लागल्यावर सुरू होत नाही, तुमचं पुढचं चाक स्टेज बीममधून (स्टार्ट लाइनवरचा प्रकाशकिरण) बाहेर पडलं की सुरू होतं. बीमच्या अगदी सुरुवातीला चाक थांबवलं तर गाडीला घड्याळ सुरू होण्याआधी काही इंच पळायला मिळतात, सिक्स्टी फूट चांगला दिसतो पण रिअ‍ॅक्शन टाइम वाढतो. आत खोल गेलात तर उलट. म्हणजे तोच लाँच, तोच टायर, आणि तरीही स्लिपवर तीन-चार शतांशाचा फरक येऊ शकतो, फक्त चाक कुठे थांबलं त्यावरून.

प्री-स्टेजचा (स्टेजच्या जरा आधीचा) दिवा लागल्यावर गाडी अगदी थोडी थोडी पुढे सरकवा आणि स्टेजचा दिवा लागला की त्याच क्षणी थांबा. दरवेळी असंच. पुढच्या टायरची हवा पण तीच ठेवा, कारण चाकाचा घेर आणि बीममधली जागा तिच्यावर ठरते.

लाँचचा आरपीएम टू-स्टेपने (लाँचचा आरपीएम ठरलेल्या आकड्यावर अडवणारा लिमिटर) किंवा ट्रान्सब्रेकने (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स अडवून गाडी जागी धरणारा) बांधून टाका. फूट ब्रेकवर करत असाल तर गेजकडे बघून दरवेळी तोच आकडा. आणि ऑटोमॅटिकवाल्यांनी गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान बघायला सुरुवात करा, थंड तेलात आणि गरम तेलात टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडणारा भाग) वेगळा वागतो. "सस्पेन्शन बदलत राहतं" अशी तक्रार असलेल्या कितीतरी गाड्यांत सस्पेन्शन जागेवरच असतं, इंजिन आणि गिअरबॉक्सचं तापमान प्रत्येक रनला वेगळं असतं.

टायर फिरला, शेक झाला का गाडी मेली, हे ओळखायचं कसं?

ड्रायव्हरच्या सीटवरून हे तिन्ही फसवतात म्हणून बाजूने स्लो मोशन व्हिडिओ काढा, फोन मागच्या चाकाच्या उंचीवर धरून, फ्रेममध्ये मागचा टायर आणि त्याच्या वरची फेंडरची कड दोन्ही येतील असा. मग एकेक फ्रेम सरकवत बघा. पहिल्या काही फ्रेममध्ये साइडवॉलवर सुरकुत्या पडल्या पाहिजेत आणि टायर व फेंडरमधली फट एकदा बदलून स्थिर राहिली पाहिजे. सुरकुत्या पडून लगेच नाहीशा झाल्या आणि फट परत आधीसारखी झाली तर टायर उसळला, मागचा शॉक बघा. सुरकुत्या पडल्याच नाहीत आणि टायरवरची अक्षरं गाडीच्या मानाने जास्त वेगाने फिरताना दिसली तर टायर पहिल्यापासूनच सुटला, हवा किंवा लाँचचा आरपीएम बघा. टायर घट्ट चिकटला पण गाडी जागच्या जागी दबून आरपीएम खाली कोसळला तर गाडी मेली, म्हणजे पकड ताकदीपेक्षा जास्त झाली. आरपीएम वाढवा.

शेकमध्ये टायर पकडतो-सोडतो-पकडतो इतक्या भराभर की डोळ्यांना समोरचं धूसर दिसतं. तेव्हा रन सोडून द्या. पैसे असतील तर प्रोपेलर शाफ्टला आरपीएम सेन्सर लावून डेटा लॉगरवर घ्या, त्याचा ग्राफ सरळ चढत गेला पाहिजे, मध्ये टोक आलं की तिथे टायर सुटला.

सकाळी गाडी मस्त चालत होती आणि दुपारी टायर फिरवायला लागली, काय बदलू?

बहुतेक ट्रॅक बदललाय. ऊन चढलं की पृष्ठभाग तापतो, आणि एका हद्दीपलीकडे वर मारलेलं चिकट कंपाउंड मऊ पडून पकड कमी होते. इन्फ्रारेड गन जवळ ठेवा आणि प्रत्येक रनआधी जमेल तेवढ्या जवळून, तुमच्या लेनमध्ये टायर जिथे चालतो तिथलंच तापमान घ्या. दोन लेनमध्ये पण फरक असतो. हवा तापली की डेन्सिटी अल्टिट्यूड (हवा किती विरळ आहे याचं माप) वाढते आणि इंजिनची ताकद थोडी कमी होते, त्यामुळे कधीकधी कमी पकड आणि कमी ताकद एकमेकांना सांभाळून घेतात, पण टर्बोच्या गाडीत बूस्ट तोच राहिला तर असं होईलच याची खात्री नाही.

अशा वेळी लिंकला हात लावू नका. आधी लाँचचा आरपीएम थोडा कमी करा, तेवढ्याने भागलं नाही तर मागचा रिबाउंड दोन क्लिक टाइट, मग अर्धा पीएसआय. एका रनला एकच गोष्ट. आणि संध्याकाळी ट्रॅक थंड झाला की सगळं उलट्या क्रमाने सकाळच्या आकड्यांवर परत आणा, हे बहुतेक लोक विसरतात आणि मग पुढच्या इव्हेंटला दुपारच्या सेटअपवर सकाळची पहिली रन मारतात.

वहीत नेमकं काय लिहायचं?

तारीख, लेन, ट्रॅकचं तापमान, हवेचं तापमान, डेन्सिटी अल्टिट्यूड, चारही टायरची हवा, चारही शॉकचे क्लिक, लाँच आरपीएम, इंजिन आणि गिअरबॉक्सचं तापमान, टाकीतलं पेट्रोल, बर्नआउटचे सेकंद, आणि स्लिपवरचे सगळे आकडे. खाली एक ओळ तुमच्या शब्दांत, गाडी कशी सुटली ती. स्लिप त्याच पानाला चिकटवा. लिहायचं गाडीतून उतरल्या उतरल्या, पुढच्या राउंडची हाक येण्याआधी, कारण दोन रन झाल्या की कुठला क्लिक कधी फिरवला हे कोणालाच आठवत नाही.